खडकीपाड्याचा रविवार

डहाणूच्या त्या कॉलेजात पहिला आठवडाभर विषयांचे तास झालेच नाहीत. नव्या मुलांना आधी अभ्यास कसा करायचा ते शिकवायचं, असं ठरलं होतं. भूगोलाच्या भारती मॅडम हॉलमध्ये उभ्या राहून बोलत आणि डोक्यावर पंखा खडखडत असे. तासाला ऐकलेलं त्याच संध्याकाळी पुन्हा वाचायचं, त्या सांगत. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि जे कळलं ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगून बघायचं. सांगता आलं नाही तर ते कळलेलं नाही असं खुशाल समजायचं.

"आणि गटात काम करायला शिका," शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या. "शाळेत तुम्ही हाताने वही झाकून लिहीत होता. इथे तसं चालणार नाही. गटात कुणाचंच काम एकट्याचं नसतं."

खिडकीजवळच्या बाकावर बसलेल्या शुक्रीने मान वर केली. तलासरीहून आत, डोंगराच्या कडेला असलेल्या खडकीपाड्यातून ती मुलींच्या वसतिगृहात राहायला आली होती आणि आल्यापासून भेदरलेली होती. कॉलेजात जे जे ऐकलं ते तिला नवं होतं. हे एक वाक्य मात्र तिला आधीपासून ठाऊक होतं.

खडकीपाड्यात भातलावणी सावडीने होते. आज सगळा पाडा रूपीच्या शेतात, उद्या लहान्याच्या, परवा आणखी कुणाच्या. ज्याचं शेत त्याने त्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालायचं. बोलवायला कुणी कुणाकडे जात नाही. कुणाचं शेत राहिलं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मग 'माझ्याकडे या' असं तोंडाने म्हणणं म्हणजे समोरच्यावर विसरल्याचा आळ घेणं. आणि पाळी बाकी असताना एकट्यानेच आपल्या शेतात उतरणं, हे त्याहून वाईट. शुक्री लहान असताना एका माणसाने भांडणाच्या भरात तसं केलं होतं. तुमची मला गरज नाही, असं त्याने जणू बांधावर उभं राहून ओरडून सांगितलं. त्याच्या शेतात पुढे कुणी पाऊल टाकलं नाही, त्याच्या मयतालासुद्धा माणसं मोजकीच होती.

हे सगळं शुक्रीला कुणी शिकवलं नव्हतं. चालता येतं तसं ते तिला येत होतं.

घरून निघताना वडील लाहू एवढंच म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत बघू. पास झालीस तर पुढे शीक. नापास झालीस तर उंबरगावला." उंबरगावच्या एका कंपनीत शुक्रीची मावसबहीण शितल पॅकिंगला होती, तिने सुपरवायझरच्या कानावर शुक्रीचं नाव घालून ठेवलं होतं. लाहू रागाने बोलले नव्हते. थोरला मुलगा बारावीला दोनदा बसून गुजरातेत कामाला निघून गेला होता, आणि तिसऱ्यांदा आशा धरायला ते घाबरत असावेत.

भारती मॅडमनी चौघाचौघांचे गट पाडले. शुक्रीच्या गटात जतीन, मयुरा आणि सुनिल आले. जतीन नरपडचा, चिकूच्या वाडीवाल्या हरिश्चंद्र शेठांचा मुलगा. स्कूटरवर येई आणि हेल्मेट आरशाला लटकवून गाणं म्हणत जिना चढे. मयुरा मसोलीची, बोलायला चटपटीत. सुनिल तलासरीकडचाच, शुक्रीच्याच समाजातला. तो मुलांच्या वसतिगृहात राहायचा आणि आपण कुठून आलो हे फारसं कुणाला कळू नये अशा बेताने केस कापून घ्यायचा.

तास संपले की चौघं लायब्ररीच्या व्हरांड्यात बसत. मॅडमनी सांगितलेली रीत शुक्रीला चांगली लागू पडली. पुस्तक मिटून सांगायची वेळ आली की ती खाली बघत, पण न अडखळता सांगे.

"आवाज वाढव जरा," जतीन म्हणाला. "तुझं ते भूजल फरशीवरच्या मुंगीलापण ऐकू आलं नाही."

"मुंगीला भूजल कशाला?" शुक्री म्हणाली. "तिला वारूळ बुडायची भीती."

क्षणभर कुणाला कळलंच नाही, मग तिघंही हसत सुटले. "अरे, ही बोलते!" जतीन मांडीवर थाप मारत म्हणाला. त्या दिवसापासून तो तिला काहीही विचारू लागला. पहिल्या चाचणीत तो पडला होता; दुसऱ्या चाचणीआधी शुक्रीने त्याला आठवडाभर रोज एकेक धडा सांगायला लावला आणि तो सुटला. "नेट बंद पडेल, पण आपली शुक्री नाही," असं तो येईल त्याला सांगत फिरला. शुक्रीला त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, की आपण इथे राहू शकू.

मग प्रकल्प आला. विषय होता 'आमच्या गावाचं पाणी'. प्रत्येकाने आपल्या गावातल्या वीस घरांची पाहणी करायची, विहीर मोजायची, नकाशा काढायचा, आणि ठरलेल्या सोमवारी वर्गात उभं राहून आपल्या गावाबद्दल बोलायचं. त्याचे गुण मोठे होते. कामाला मात्र चारही जण लागणार होते: एकाने दोर सोडायचा, एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, एकाने नकाशा धरायचा.

"पहिलं नरपड," जतीन म्हणाला. "जवळ आहे, आणि विहिरी म्हणशील तितक्या."

"मग मसोली," मयुरा म्हणाली. "मग सुनिलचं. शुक्रीचं शेवटी, लांब आहे ना. चालेल ना गं?"

"चालेल," शुक्री म्हणाली. लांबचं शेत शेवटीच लावतात. तिला त्यात काहीच खटकलं नाही. उलट बरं वाटलं, की इथेही तसंच आहे.

नरपडला वाडीतल्या विहिरींचं पाणी चाखून बघताना मयुरा दर वेळी तोंड वाकडं करी. समुद्राकडच्या विहिरी मचूळ होत्या. दोर सोडायचं काम शुक्रीने केलं. दुपारी हरिश्चंद्र शेठ झोपाळ्यावरून तिला म्हणाले, "ए पोरी, रिकामी आहेस तर बायकांबरोबर जरा चिकू निवडायला बस."

"काका, ती आमच्या कॉलेजची आहे!" मयुरा म्हणाली.

"अरे, हो का? मला वाटलं..." शेठ ओशाळले. "मग राहू दे, राहू दे."

पण शुक्री तोवर बसली होती. ज्याच्या शेतात गेलो त्याच्याकडे जे काम निघेल ते करायचं, यात कसला कमीपणा? तिने भराभर नरम फळं वेगळी काढली. निघताना शेठांनी तिला पिशवीभर चिकू दिले. जेवणाऐवजी चिकू, असं मनात म्हणून तिने ते घेतले.

मसोलीच्या गल्ल्यांतून तिने उन्हात वीस दारं वाजवली. मयुराच्या भागाची सगळी पक्की प्रतही तिनेच लिहून काढली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. तिसऱ्या रविवारी सगळे सुनिलकडे गेले. तिथे सुनिलच्या आईने रीतीप्रमाणे सगळ्यांना जेवायला बसवलं: भात, सुक्या बोंबलाची चटणी, वालाची भाजी.

"सुन्या, तुझ्याकडे तर पार्टी!" जतीन दुसऱ्यांदा भात घेत म्हणाला. "काकी, मी इथेच राहतो. पप्पांना सांगतो, एक पोरगा कमी झाला."

"राहा की," सुनिलची आई हसली. "सकाळी शेण काढायला कोणीतरी पाहिजेच." मग तिने शुक्रीला विचारलं, "तुझ्याकडं कधी, बाय?"

"पुढच्या रविवारी."

"मग सुन्याला लवकर धाडते." सुनिलने मान हलवली. ती मान हलवलेली शुक्रीने पाहिली होती.

शनिवारी ती घरी गेली. आई जिवलीने अंगण सारवून ठेवलं होतं. रूपीकडून चार स्टीलची ताटं मागून आणली होती, घरची पितळी शहरातल्या पोरांना बरी दिसणार नाहीत म्हणून. एक कोंबडी बाजूला धरून ठेवली होती. लाहूंनी विहीर मोजायला नवा दोर वळला होता आणि त्याला हात हात अंतरावर गाठी मारल्या होत्या.

"वाकून बघायला नको," त्यांनी शुक्रीला दाखवलं. "वर काढायचा आणि गाठी मोजायच्या."

खडकीपाड्याच्या पाण्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एक विहीर होती, ती होळीनंतर आटायची. मग बायका उतारावरच्या झऱ्याला जात आणि वाटी वाटीने हंडा भरत. अलीकडे घराघरांपुढे नळाचे पाइप उभे राहिले होते. त्यांच्या तोट्यांवर पोरं लोंबकळत, कारण त्यांना पाणी कधी आलंच नव्हतं. हे सगळं चौघांनी मिळून कसं लिहायचं, ते शुक्रीच्या डोक्यात तयार होतं.

रविवारी सकाळपासून पाड्यातली चिल्लीपिल्ली रस्त्यावर जाऊन बसली. एसटी आली, दोन म्हाताऱ्या उतरल्या. मग एक जीप आली, ती थांबलीच नाही.

"कुठं गं तुझी माणसं?" रूपी कंबरेवर हंडा घेऊन विचारत आली.

"येतील."

"डहाणूची ना? त्यांचा कोंबडा उशिरा आरवत असंल."

सगळ्या हसल्या. शुक्रीही हसली. दुपार झाली तसं हसणं थांबलं. जिवलीने रस्सा चुलीवरून उतरवला, मग गार होतो म्हणून पुन्हा चढवला. लाहू त्या दिवशी कामाला गेले नव्हते. खांद्यावर दोर टाकून ते अंगणात उभे होते. ऊन कलल्यावर त्यांनी दोर खुंटीला अडकवला आणि बाहेर पडले. जिवलीने वाढलेली चार ताटं टोपल्यांखाली झाकून ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून दारात बसली. दिवेलागणीला तिने ते जेवण पोरांना वाटून टाकलं.

"काही अडचण आली असंल," ती शुक्रीला म्हणाली. "सावड राहिली तर राहते. बुडत नाही."

सोमवारी लायब्ररीच्या व्हरांड्यात जतीन नेहमीसारखाच हसत आला. "झालं का तुझं? मी ग्रुपवर टाकलं होतं. 'शुक्रीचं शुक्री करेल, तिला सगळं येतं.' वाचलं नाहीस?"

"तिथं नेटवर्क नसतं."

"माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा निघाला गं अचानक," मयुरा म्हणाली. "आणि तू तर तिथलीच. तुला काय, एका दिवसाचं काम. पण काही लागलं तर सांग हं, नक्की सांग."

शुक्रीने सुनिलकडे पाहिलं. त्याच्या सँडलच्या पट्ट्यांत समुद्राची वाळू अडकली होती. जतीनने त्याला रविवारी नरपडच्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळायला बोलावलं होतं. असं बोलावणं त्याला पहिल्यांदाच आलं होतं. तो वहीत काहीतरी खोडत बसला.

"व्हायचंय," शुक्री म्हणाली.

'सांग' म्हणणाऱ्या मयुराला वाटत होतं, की आपण दार उघडं ठेवलं आहे. शुक्रीला ते बंद झालेलं दिसत होतं. आपल्या तोंडाने सांगायचं म्हणजे तुम्ही विसरलात असं तिघांच्या तोंडावर म्हणायचं. दोष कुणाचा म्हणायचा, ठरवणं कठीण आहे. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. आणि ज्याला ठाऊक होतं, तो खोडत बसला होता.

पुढच्या रविवारी ती पुन्हा घरी गेली. पुन्हा कुणी आलं नाही. दुपारनंतर तिने खुंटीवरचा दोर काढला आणि एकटीच विहिरीवर गेली. काठावर बसून तिने दोराच्या टोकाला दगड बांधला. तेवढ्यात जिवली मागून आली.

"काय करतेस?"

"मोजते. आता दिवस राहिले नाहीत."

"एकटी?" जिवलीने आजूबाजूला पाहिलं. दोन बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या आणि न बघितल्यासारखं करत होत्या. तिने हलक्या हाताने दोर काढून घेतला. "लोक काय म्हणतील? तुझ्या माणसांनी तुला टाकलं म्हणतील. नाहीतर तूच त्यांना टाकलंस म्हणतील. दोन्ही वाईट."

"ते नाही येणार, आये."

"तिन्ही ठिकाणी राबलीस ना?"

"राबले."

"मग येतील. आपण कशाला तोडायचं?"

आईला कॉलेज कसं समजावून सांगायचं, ते शुक्रीला उमगेना. पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायची रीत इथे कामाला येत नव्हती; म्हणजे मॅडमच्या हिशेबाने तिला स्वतःलाच ते कळलं नव्हतं. आणि खरं म्हणजे आईचं बोलणं तिला हवंही होतं. एकटीने विहीर मोजली की सगळं संपलं असं तिनेच कबूल केल्यासारखं झालं असतं. तिने दोराला बांधलेला दगड सोडवला आणि घरी आली.

त्या आठवड्यात भारती मॅडमनी चौघांना बोलावून काम पाहिलं. तीन भाग पाहून त्या खूष झाल्या.

"शुक्री, तुझा?"

"नाही झाला."

"का?"

शुक्रीने वही मिटली. बोलायचं म्हणजे मॅडमसमोर तिघांवर आळ घ्यायचा.

"हे बघ," मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "गट म्हणजे तिघांनी ओढायचं आणि एकाने गाडीत बसायचं असं नसतं. दरवर्षी एखादा असा निघतोच. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती."

"नाही मॅडम," जतीन मध्येच म्हणाला, "ती खूप काम करते. आमच्या वेळी तर..."

"मग स्वतःच्या वेळी काय झालं?"

जतीनने सुनिलकडे पाहिलं. सुनिल खिडकीबाहेर बघत होता.

"सोमवारी तिचा भाग हवा. नाहीतर तिला शून्य द्यावं लागेल, आणि शून्य म्हणजे या विषयात नापास. नियम आहे. मी काही करू शकत नाही."

बाहेर आल्यावर जतीनने शुक्रीच्या हातातली पुस्तकं घेतली. "टेन्शन घेऊ नको. रविवारी सगळे आमच्याकडे. तासाभरात उडवतो तुझं गाव."

रविवारी ते नरपडला जतीनच्या ओट्यावर बसले. हरिश्चंद्र शेठ आतल्या झोपाळ्यावर पेपर वाचत होते. जतीनच्या आईने चिकूचं मिल्कशेक आणून दिलं. जतीन लॅपटॉप उघडून बसला, मयुराने कोरा कागद घेतला. सगळे उत्साहात होते. शुक्रीला वाचवायचं होतं आणि ते त्यांना मनापासून हवं होतं.

"विहीर किती खोल धरू?" मयुराने विचारलं.

"आमची तीस फूट भरली. डोंगर आहे म्हणजे पन्नास धर."

"उन्हाळ्यात आटते?"

"नको आटवू गं. मग टँकरचं लिहावं लागेल, पान वाढेल."

मयुरा हसली. "बरं, नाही आटत. आता घरं. शुक्री, वीस नावं सांग पटापट."

शुक्रीने सांगायला सुरुवात केली. "रूपी."

"रूपी. नळ आहे," जतीनने टाइप केलं.

"लहान्या."

"लहान्या. नळ आहे. सरसकट नळ टाकतो, सरकारी आकड्यांशी जुळेल."

शुक्रीच्या डोळ्यांपुढे रूपीची चार ताटं आली. पाहुण्यांसाठी रूपीने ती राखेने घासून दिली होती. "थांबा," ती म्हणाली. "रूपीकडे नळाला पाणी नाही."

"अगं, कोण बघायला जातंय?"

"कुणीच नाही आलं बघायला."

मयुराने पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा पडला होता, पण आवाज चढला. "मग बोलायचंस ना, शुक्री! एकदा म्हणायचंस, या. आलो असतो की!"

ते खरं होतं. तिने एकदा म्हटलं असतं तर ते आले असते, जतीनने गाडी काढली असती, वाटेत गाणी म्हणत आले असते. हे शुक्रीला त्याच क्षणी स्वच्छ दिसलं, आणि त्यानेच ती कोसळली.

"बोलवायचं नसतं," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे?"

तिने सुनिलकडे पाहिलं. तो दोन वाक्यांत समजावून देऊ शकला असता. त्याने खाली बघत, बाकीच्यांना कळू नये म्हणून दोघांच्या घरच्या बोलीत म्हटलं, "घे ना जे देतात ते. इथं सावड नसते. मार्क घे आणि सूट."

शुक्री उठली. सावड फोल भाताने फेडत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. "माझ्या पाड्याचं काही लिहू नका," ती म्हणाली.

"अरे, आम्ही मदतच करतोय ना?" जतीन गोंधळून म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं.

"हो," शुक्री म्हणाली आणि चपला घालून ओट्यावरून उतरली.

"काय झालं रे? भांडण?" आतून शेठांनी विचारलं.

"काही नाही पप्पा. तिचा मूड गेला."

सुरूच्या बागेपर्यंत ती तरातरा चालली. तिथे तिचे पाय थांबले. काय केलं आपण? रूपी तो कागद आयुष्यात कधी वाचणार नव्हती. आकडे खोटे असते तर कुणाचं काय गेलं असतं? मुंबईहून आलेल्या कागदांत खडकीपाड्याचे नळ असेही वाहतच होते. आत्ता परत गेलं, ओट्याच्या पायरीवर बसलं आणि तिसरं नाव सांगितलं, तर कुणी काही बोलणार नाही. मयुरा उलट मिठी मारेल. उद्या पास, दिवाळीनंतर पुन्हा कॉलेज.

ती वळली. थोडी चाललीही. तेवढ्यात समोरून शेअरची रिक्षा आली आणि रिक्षावाल्याने तिच्याजवळ करकचून ब्रेक दाबला. "डहाणू का? ये, एकच सीट आहे." आत बसलेल्या बाईने सरकून जागा केली. सगळे तिच्यासाठी थांबलेले पाहून शुक्रीला नाही म्हणायचा धीर झाला नाही. ती बसली.

सोमवारी तिचा भाग नव्हता. मॅडमनी शून्य लिहिलं, आणि ते लिहिताना त्यांना बरं वाटलं नसावं, कारण नंतर त्यांनी तिला जिन्यात गाठलं. "एटीकेटी असते. पुढे पुन्हा करता येईल. घाबरून कॉलेज सोडू नको." शुक्रीने मान हलवली. दिवाळीला घरी गेल्यावर तिने लाहूंना एटीकेटी काय ते सांगायचा प्रयत्न केला.

"म्हणजे पास का नापास?" लाहूंनी विचारलं.

"नापास," ती म्हणाली.

त्यांनी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही. शितल दुसऱ्या दिवशी कंपनीचा निळा शर्ट घेऊन आली. पहाटे कंपनीची बस रस्त्यावर येते, तिने समजावलं. पट्ट्यावरून माल पुढे येतो, आपल्यापुढे आलेला आपण भरायचा, बाजूचीच्या खोक्याकडे बघायचं नाही. बोललेलं चालत नाही. "सोपं आहे," शितल म्हणाली. "डोकं लागत नाही."

यानंतरचं शुक्रीने पाहिलं नाही.

तलासरीच्या बाजारात सुनिलच्या आईला जिवली भेटली. बायका काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही. सुनिलने आईला सांगितलं होतं, की खडकीपाड्याचं झालं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी तो घरी जेवायला बसला तेव्हा आईने सगळ्यांना वाढलं आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं नाही.

"माझं?" त्याने विचारलं.

"तुझं जेवण खडकीपाड्यात राहिलंय."

तो उठला. जतीनला फोन लावायचं त्याच्या मनात आलं, पण काय सांगायचं ते सुचलं नाही, आणि सांगायला आता उशीरही झाला होता. मिळेल त्या जीपने तो निघाला.

भात कापून झालं होतं आणि शेतं उघडी पडली होती. जिवली अंगणात सूप घेऊन बसली होती. त्याला पाहताच ती सूप टाकून उभी राहिली. तिचा चेहरा इतका उजळला, की सुनिलला वळून पळावंसं वाटलं.

"आलास! मी म्हणत होते ना, येतील! बाकीची कुठं?"

"मागून येतायत," सुनिल म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

जिवलीने एका पोराला ताटांसाठी रूपीकडे पिटाळलं, चूल पेटवली, भात टाकला. लाहूंनी खुंटीवरचा दोर काढून दिला.

"शुक्री?" त्याने विचारलं.

"कंपनीत. रविवारीबी असतं तिला."

भात शिजेपर्यंत त्यांनी विहीर मोजली. दोराचं एक टोक जिवलीने धरलं, तो दगड सोडत गेला. वर काढून त्याने गाठी मोजल्या आणि लिहिल्या. मग तो घराघरांतून फिरला. सगळ्यांनी त्याला नीट उत्तरं दिली. कोरडा नळ दाखवला, झऱ्याची वाट दाखवली. फक्त रूपी ताटं पुसत म्हणाली, "आता लिहून काय, पोरा?"

"लिहू दे गं," जिवली म्हणाली. ती त्याच्या मागोमाग प्रत्येक दारात येत होती, शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून. परत येताना तिने आवाज खाली आणून विचारलं, "हे तुझ्या मॅडमला दिलं की शुक्रीला परत घेतील ना?"

सुनिल चालत राहिला. कागद त्याच्या हातात होते, वीसच्या वीस घरं, सगळी खरी.

"घेतील," तो म्हणाला.

जिवलीने चारही ताटं वाढली. एक त्याच्यापुढे ठेवलं आणि बाकीच्या तीन ताटांवर टोपल्या पालथ्या घातल्या.

"तू बस जेवायला. त्यांच्यासाठी थांबू नको, अन्न निवतं."

सावडीच्या जेवणाला नाही म्हणता येत नाही. सुनिलने घास घेतला. जिवली दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसली, आणि तो जेवेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.